फिटनेस चाचणी कडक हवीच, पण मोजपट्टी सगळीकडे एक हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२४ मध्ये लष्कराच्या नव्या तंदुरुस्ती धोरणाची बातमी आली. तेव्हापासून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात सुट्टीवर येणाऱ्या पोरांच्या बोलण्यात हा विषय असतोच. बाहेरच्या माणसाला वाटतं, जवानाला धावायला सांगितलं तर त्यात तक्रार कसली? जवानांची तक्रार धावण्याबद्दल नाहीच. ती कशाबद्दल आहे हे नीट कळावं म्हणून हे पत्र. आम्ही सगळे निवृत्त पीटी उस्ताद, म्हणजे जवानांना कवायत-व्यायाम शिकवणारे प्रशिक्षक आहोत आणि आयुष्यभर हेच काम केलं आहे.

आधी काय होतं ते सांगतो. दर तीन महिन्यांनी दोन चाचण्या होत. एक बीपीईटी, म्हणजे रायफल आणि बॅटल ऑर्डरसह (लढाईत अंगावर घ्यायच्या सामानासह) पाच किलोमीटर दौड, ६० मीटर धाव, उभा दोर, आडवा दोर आणि नऊ फुटी खड्डा. दुसरी पीपीटी, म्हणजे २.४ किलोमीटर धाव, पाच मीटर शटल (ये-जा धाव), पुश-अप, चिन-अप, सिट-अप आणि १०० मीटर. दोन्ही युनिटातच, कमांडिंग ऑफिसरच्या देखरेखीखाली व्हायच्या. नव्या धोरणात यांच्या जोडीला सहा महिन्यांतून एकदा १० किलोमीटर स्पीड मार्च (झपाट्याची चाल) आणि ३२ किलोमीटर रूट मार्च (लांब पल्ल्याची चाल) आला, शिवाय ५० मीटर पोहण्याची चाचणी. तपासायला ब्रिगेडिअर दर्जाचा एक अधिकारी, दोन कर्नल आणि एक डॉक्टर यांचं मंडळ. प्रत्येकाचं तंदुरुस्तीचं कार्ड. वजन जास्त निघालं तर लेखी समज, सुधारायला ३० दिवस, आणि तरी फरक पडला नाही तर सुट्टी आणि कोर्सवर कात्री.

धोरणामागचा विचार आम्हाला पटतो. पोट सुटलेले साहेब आणि मधुमेहाच्या गोळ्या खाणारे तिशीतले हवालदार आता दुर्मिळ राहिलेले नाहीत. बाहेरचं मंडळ आलं की युनिटातली ओळखपाळख चालत नाही, हेही चांगलंच. पण ज्या निकालावर माणसाची सुट्टी, कोर्स आणि पुढची बढती अवलंबून राहणार, तो मोजायची पद्धत बेळगाव, भटिंडा आणि तेजपूर इथे एकच असली पाहिजे. आज ती तशी नाही.

पाच किलोमीटरचंच बघा. तिशीच्या आतल्या जवानाला एक्सलंटसाठी २५ मिनिटं, पास व्हायला २८. म्हणजे एक्सलंटवाल्याला १०० मीटरला ३० सेकंद लागतात. आता मार्ग मोजतात कसा? बऱ्याच ठिकाणी जिप्सी गाडीच्या मीटरवर. गाडी गेटपासून निघते, मीटर अडीच दाखवतो, तिथे चुन्याची रेघ मारतात आणि तिथूनच परत फिरायचं. त्या मीटरचा शेवटचा आकडा १०० मीटरचा असतो, टायर झिजलेला असला की चूक आणखी वाढते, वळणं गाडी बाहेरच्या बाजूने घेते. जाताना १०० मीटरची चूक झाली तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे पूर्ण एक मिनिट. एक्सलंटपासून गुडपर्यंतचं अंतर दीड मिनिटाचं आहे. चुन्याच्या एका रेघेत त्यातला बहुतेक भाग जातो. त्यात रस्ता चढाचा असला तर बोलायलाच नको.

४०० मीटर ट्रॅकवरही हाच प्रकार. २.४ किलोमीटर म्हणजे बरोबर सहा फेऱ्या, पण त्या आतल्या लेनमधून. तीस जण एकदम सोडले की अर्धे दुसऱ्या लेनमध्ये ढकलले जातात. १.२२ मीटर रुंदीच्या लेनचा हिशेब केला तर दुसऱ्या लेनची फेरी सुमारे साडेसात मीटर जास्त भरते. सहा फेऱ्यांना ४५ मीटर, दहा मिनिटांच्या गतीने ११ सेकंद. जो ९ सेकंदांनी फेल होतो तो खरं तर फेल झालेलाच नसतो. यावर उपाय साधा आहे. एका वेळी दहा-बाराच जण सोडावेत, मार्ग चाकाच्या मोजणी काठीने दोनदा मोजावा, आणि मंडळाने जवानाला तपासायच्या आधी मार्ग तपासावा.

खड्डा नऊ फुटी, म्हणजे २.७४ मीटर. पण उडी घ्यायची कड पावसाने आणि बुटांनी ढासळते. शंभर माणसं उडून गेली की शेवटच्याला तो साडेनऊ फुटी झालेला असतो. कडेला लाकडी फळी गाडली आणि दर वीस-पंचवीस उड्यांनंतर फीत लावली की प्रश्न मिटतो. पलीकडे वाळू उकरून मऊ ठेवायची. घट्ट झालेल्या वाळूवर बुटासकट उतरताना घोटा जातो.

उभ्या दोरावर जी पोरं अडकतात, त्यांचे हात दुबळे असतात असं नाही. पायाची पकड कुणी शिकवलेली नसते. दोर उजव्या मांडीच्या बाहेरून घ्यायचा, उजव्या बुटाच्या वरून आणायचा आणि डाव्या बुटाने वरून दाबून धरायचा. मग गुडघे छातीकडे ओढायचे, पकड आवळायची आणि पायांवर उभं राहायचं. असे पाच-सहा झटके दिले की चार मीटर चढून होतात, हात फक्त तोल धरतात. रायफलचा पट्टा सैल असेल तर नळी डोक्यामागे आपटते आणि माणूस दुसऱ्याच झटक्याला सुटतो. उतरताना हाताखाली हात घेत यावं. घसरत आला तर तळव्याची कातडी दोरालाच राहते आणि पुढच्या आडव्या दोरावर तो धरणार कशाने? पावसात भिजलेल्या दोरावर घेतलेली चाचणी आणि कोरड्या दोरावरची चाचणी कार्डावर एकसारखी दिसते, हेही चुकीचं आहे.

आता वजनाचा मुद्दा. यावर जवान सगळ्यात जास्त धास्तावले आहेत. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय, हे गणित सोपं आहे म्हणून सगळीकडे वापरलं जातं. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला २५ ची हद्द सव्वाबहात्तर किलोला येते. त्याच उंचीचा, कुस्ती केलेला, रुंद छातीचा जवान ७६ किलोचा असेल तर आकडा सव्वीसच्या पुढे जातो आणि तो कागदावर स्थूल ठरतो. कोल्हापुरी तालमीतून भरती झालेली पोरं यात हमखास सापडतात. म्हणून काट्याच्या जोडीला कमरेची फीत हवीच. तीही शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर. बेंबीवरून, श्वास ओढून, पोट आत घेऊन घेतलेलं माप दोन इंचांनी सहज खोटं ठरतं.

आणि ज्याचं वजन खरोखर जास्त आहे त्याला ३० दिवस? अंगाला न बाधता आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरतं. महिन्यात दोन, फार तर चार. दहा किलो जास्त असलेल्या माणसासमोर मग आडमार्गच उरतात. रात्रीचं जेवण बंद, जुलाबाच्या गोळ्या, अंगावर प्लॅस्टिक गुंडाळून दुपारी धावणं, काट्यावर चढायच्या आदल्या दिवशी पाणी तोडणं. यात उतरतं ते पाणी, चरबी तशीच राहते. आणि तसा सुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी दौडीला उभा राहिला की तिसऱ्या किलोमीटरला कोसळतो. मुदत माणसागणिक ठरवावी: महिन्याला दोन-तीन किलो उतरतात का बघावं, आणि उतरत असतील तर पुढची मुदत द्यावी. सुट्टी कापणं तर उलटंच. घरी जायला न मिळालेला माणूस अस्वस्थ होतो, झोप जाते, खाणं वाढतं. त्यापेक्षा लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, लक्ष घाला. दिवसभर टेबलावर बसणारा क्लार्क आणि दिवसभर खोदकाम करणारा सेक्शनचा जवान एकाच परातीतून पुऱ्या घेतात, दिवसाला चार-पाच कप गोड चहा पितात. तेलाचा हिशेब ठेवणं आणि चहातली साखर वेगळी ठेवणं, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल.

स्पीड मार्च आणि रूट मार्च हा आमच्या मते नव्या धोरणाचा सगळ्यात उपयोगी भाग, आणि दुखापतीही इथेच सगळ्यात जास्त होणार. पाठीवर पिठ्ठू घेऊन चालण्याची सवय धावून लागत नाही. फुप्फुसं तीन-चार आठवड्यांत तयार होतात, हाडांना मात्र तीन महिने लागतात. या फरकात नडगीचं आणि पायाच्या पंजाचं हाड तडकतं. सुरुवातीला नडगीवर एका जागी बोट दाबलं की दुखतं आणि विश्रांतीनंतर थांबतं. तेव्हाच एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) गेला तर सहा ते आठ आठवड्यांत बरा होतो. पण सिक रिपोर्ट केला (आजारी म्हणून नाव नोंदवलं) तर कार्डावर दिसेल या भीतीने पोरगं गोळी खाऊन चालत राहतं, आणि एके दिवशी हाड पूर्ण मोडतं. मग लो मेडिकल कॅटेगरी (खालचा वैद्यकीय दर्जा) आणि वर्षभराचं नुकसान.

तयारी अशी व्हावी: किमान बारा आठवडे. पहिले दोन आठवडे वजन न घेता सहा-आठ किलोमीटर. मग आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, पिठ्ठू घेऊन. वजन एका वेळी दोन किलोच वाढवायचं, आणि ज्या आठवड्यात वजन वाढवलं त्या आठवड्यात अंतर वाढवायचं नाही. पिठ्ठू घेऊन रोज धावायला लावणारे उस्तादही आहेत. त्याने दम वाढत नाही, गुडघे जातात. जड सामान पिठ्ठूत वरच्या बाजूला आणि पाठीला लागून ठेवावं. खाली लटकलेलं वजन माणसाला मागे खेचतं, तो पुढे वाकतो आणि कंबर धरते. नवे बूट मार्चच्या दिवशी कधीच घालू नयेत. मोज्यांचे दोन थर घालावेत. फोड येण्याआधी कातडी गरम लागते, तेव्हाच थांबून पट्टी लावावी. दर तासाला दहा मिनिटं थांबण्याची जुनी पद्धत मोडू नये. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यात मीठ-साखर. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस बरळायला लागतो.

आणखी एक गोष्ट बाहेर कुणाच्या लक्षात येत नाही. तुकडीत बुटक्या जवानाला मागे ठेवलं की पुढच्या उंच माणसांच्या टांगेशी जुळवायला तो ताणून पाऊल टाकतो, आणि ओटीपोटाच्या हाडावर भार येतो. महिला सैनिकांमध्ये हे जास्त दिसतं. खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, मिलिटरी पोलिसात मुली आहेतच. म्हणून कमी उंचीची माणसं पुढे, चाल त्यांची, बाकीचे मागे. एवढ्याने भागतं, खर्च शून्य.

पोहण्याबद्दल. माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यातल्या पोराने पोहण्याइतकं पाणी भरतीआधी पाहिलेलंच नसतं. ज्यांनी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहणं शिकलं आहे, ती पोरं बुडत नाहीत, पण डोकं वर काढून हातपाय मारतात. विहीर पंधरा-वीस फुटांची असते, तिथे चालून जातं. ५० मीटरला तिसाव्या मीटरवर कंबर खाली जाते आणि दम संपतो. तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडणं, हे एवढंच शिकायला त्यांना दहा-पंधरा दिवस हवेत. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत लष्कराच्या तुकड्या बोटी घेऊन उतरल्या होत्या. जवानाला पोहता यायलाच हवं, यात वाद नाही. पण वाळवंटातल्या ज्या युनिटाजवळ तलावच नाही त्याच्या जवानाच्या कार्डावर फेल लिहू नये. तिथे ‘सोय नाही’ असंच लिहावं.

चाचणीच्या आधीचे दिवस कुणीच मोजत नाही. जवान दोन महिन्यांची सुट्टी संपवून, जनरल डब्यातून दोन रात्री प्रवास करून हजर होतो आणि त्याच आठवड्यात मंडळ येतं. सियाचीन किंवा पूर्व लडाखच्या उंचावरून उतरलेल्याचं तर अंगच उतरलेलं असतं. पाच हजार मीटरच्या वर काही महिने राहिलं की भूक मरते आणि स्नायू झडतात. वर चढताना हवामानाशी जुळवून घ्यायला टप्प्याटप्प्याने सहा, चार आणि चार दिवस द्यायचे, हा नियम लष्कर डोळ्यांत तेल घालून पाळतं. खाली उतरल्यावर मात्र ताकद परत यायला चार-सहा आठवडे द्यावेत, याकडे तेवढं लक्ष नसतं. सुट्टीवरून आलेल्याला तीन आठवडे पुरतात.

उन्हाचंही तेच. थंड भागातून मे महिन्यात राजस्थानात आलेल्या जवानाच्या अंगाला ऊन सोसायला दहा ते चौदा दिवस लागतात. दमट सकाळी सहा वाजताही उष्माघात होतो, कारण घाम वाळत नाही. धावताना माणूस झिंगल्यासारखा चालू लागला, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देऊ लागला, तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नये. तिथेच बर्फाच्या पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसवावं, आधी थंड करावं आणि मग हलवावं. असा हौद, नाहीतर निदान ताडपत्री, पाणी आणि बर्फाच्या चार लाद्या शेवटच्या किलोमीटरवर तयार असल्याशिवाय उन्हाळ्यात दौड सोडूच नये. दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर आलेलं असतं. त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावं.

इथे महाराष्ट्राच्या दृष्टीने एक फार महत्त्वाची गोष्ट. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ज्याला तो आजार नाही पण जो त्याचा वाहक आहे, असा पोरगा एरवी ठणठणीत असतो, भरतीतही उत्तम धावतो. पण उन्हात किंवा उंचीवर, दम न घेता सलग जोर लावला तर क्वचित तो अचानक कोसळतो. त्याचं कोसळणं उष्माघातापेक्षा वेगळं असतं. तो शुद्धीवर असतो, बोलतो, आणि पायात त्राण नाही म्हणून खाली बसतो. उस्तादाला वाटतं कामचुकारपणा करतोय, आणि तो ओरडून उठवतो. तेवढ्याने जीव जाऊ शकतो. साध्या रक्ततपासणीने वाहक कळतो. त्याला नाकारायची काहीच गरज नाही. हळूहळू सराव वाढवायचा, पाणी द्यायचं, तो बसला तर बसू द्यायचं आणि ऑक्सिजन लावायचा.

नवी चाचणी घाईने लादली की काय होतं हे अमेरिकेच्या लष्कराने दाखवून दिलं आहे. त्यांची १९८० पासूनची चाचणी सोपी होती: पुश-अप, सिट-अप, दोन मैल धाव. २०१८ मध्ये त्यांनी सहा प्रकारांची नवी चाचणी जाहीर केली. त्यात लोखंडी दांड्याने वजन उचलणं, साडेचार किलोचा चेंडू मागे फेकणं, ४१ किलोची घसरगाडी ओढणं, दोन्ही हातांत १८-१८ किलोची वजनं घेऊन पळणं, आणि दांड्याला लटकून गुडघे कोपरापर्यंत नेणं. या शेवटच्या प्रकारात एकही वेळ न जमणाऱ्या महिला सैनिक मोठ्या संख्येने निघाल्या. घसरगाडी सुक्या मातीवर वेगळी ओढली जाते आणि ओल्या गवतावर वेगळी. महिन्यातून एक शनिवार-रविवार येणाऱ्या राखीव सैनिकांच्या गावात हे सामानच नव्हतं. शेवटी तिथल्या संसदेने आधी स्वतंत्र अभ्यास करा असं सांगून अंमल थांबवला. २०२२ मध्ये लटकण्याचा प्रकार काढून प्लँक (कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ धरून राहणं) आला, वय आणि लिंगाप्रमाणे गुण आले. जून २०२५ पासून चेंडूही गेला, पाचच प्रकार उरले, आणि लढाऊ शाखांसाठी ५०० पैकी ३५० गुणांची, स्त्री-पुरुष दोघांना एकच अट आली. सात वर्षं गेली. आपल्याला त्यांचे प्रकार उचलायची गरज नाही, आपला दोर आणि खड्डा उत्तम आहे. पण आधी काही युनिटांत वर्षभर घेऊन बघणं आणि तोवर निकाल कुणाच्या बढतीला न लावणं, हे आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.

घाई करू नये याचं आणखी एक कारण अग्निवीर. जून २०२२ मध्ये योजना आली, आणि पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. कामगिरीवर निवड म्हटल्यावर शारीरिक चाचणीच्या गुणांना वजन असणारच. कायम झालेल्या हवालदाराला बीपीईटीतला एक मिनिट पुढच्या तिमाहीत भरून काढता येतो. अग्निवीराला त्या एका मिनिटापायी पिठ्ठू उतरवून गावी परत यावं लागेल.

म्हणून जवानाच्या कार्डावर वेळेच्या शेजारी पाच नोंदी असाव्यात अशी आमची मागणी आहे: मार्ग कशाने मोजला, सुरुवातीचं तापमान किती होतं, समुद्रसपाटीपासून उंची किती, सुट्टीवरून किंवा उंचावरून येऊन किती दिवस झाले, आणि गेल्या तीन महिन्यांत दुखापत होती का. सिक रिपोर्ट केल्याचा उल्लेख गुणांच्या रकान्यात येऊ नये. फेल झालेल्याला सहा आठवड्यांनी पुन्हा संधी मिळावी, आणि त्याची तारीख त्याच दिवशी कार्डावर लिहून, त्याची सही घेऊन द्यावी.

आपले,
काही निवृत्त लष्करी पीटी उस्ताद,
जिल्हा सातारा